दोराचं दुसरं टोक

शेवटी मुलीने त्या दोन्ही खुर्च्या दुकानात परत केल्या, दुकानदाराने कुरकुरत का होईना घेतल्या, आणि विषय मिटला. पण हे घडलंच नाही असं आपण धरून चालू. कारण त्या सकाळी उलटरावांना यातलं काही माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना माणसाने जेवढं घाबरायला हवं तेवढे ते रीतसर घाबरलेले होते.

उलटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते गावोगाव फिरून हाताने दोर वळायचे, आणि दोर वळणारा मागे मागे चालतो. चाकाच्या आकड्याला तागाचं टोक अडकवायचं, चाकावरच्या माणसाने चाक फिरवायचं, आणि दोरवाल्याने तोंड चाकाकडे ठेवून, कमरेला गुंडाळलेला ताग बोटांतून सोडत सोडत, एकेक पाऊल मागे जायचं. जितकं मागे जाल तितका दोर. आपण कुठे चाललोय हे उलटरावांना अठ्ठावीस वर्षांत दिसलं नव्हतं. कुठून आलो ते मात्र स्वच्छ दिसायचं. यातून आयुष्यात घेण्यासारखं बरंच आहे, असं एकदा एक मास्तर त्यांना समजावून सांगू लागले होते. पण मास्तर मुद्द्यावर येईपर्यंत उलटराव वीस हात मागे गेले होते.

चाकावर त्यांची बायको असायची. लग्न झाल्यापासून दोघं दिवसभर एकमेकांच्या समोर होती, फक्त मध्ये शंभर हात दोर होता. त्यामुळे भांडण असं कधी झालं नाही. बोलायचं ते दोराला हिसका देऊन. एक हिसका म्हणजे हळू, दोन म्हणजे जोरात, तीन म्हणजे थांब, चार म्हणजे भूक लागली. पाच हिसके आजवर एकदाच आले होते, चाकाकडून, आणि त्या दिवशी मुलगी झाली.

आता त्याच मुलीने आपल्या घरातली मागची खोली रिकामी केली होती. जावयाने रंग दिला होता. दोन खुर्च्या आणल्या होत्या, हातांच्या, गादीच्या. "आता पुरे झालं, दोघं आरामात बसा," असं मुलगी म्हणाली आणि बायकोला ते एकदम पटलं.

"हा नावाड्याचा दोर शेवटचा," बायको म्हणाली. "माझ्या मनगटाने अर्ध्या जगाचा दोर फिरवलाय. आता मला काही फिरवायचं नाही, अन् काही बघायचंही नाही. अठ्ठावीस वर्षं मी एकच गोष्ट बघतेय. तुम्ही लहान लहान होत जाता."

उलटराव "बरं" म्हणाले. पण रात्री त्यांना त्या खुर्चीचं स्वप्न पडलं. स्वप्नात ते खुर्चीत बसले होते, आणि खुर्चीला पाठ होती. मागे जायला जागाच नव्हती.

नावेसाठी लांबलचक दोर सांगणाऱ्या नावाड्याची अट एकच होती. दोर एकसंध हवा, जोड नको. मागचा दोर जोडावरच तुटला होता आणि नाव सोळा माणसं आणि एक शिलाई मशीन घेऊन भलत्याच गावाला लागली होती. पंधरा माणसं परत आली. एकाने तिथेच लग्न केलं. मशीन त्याच्याकडेच आहे.

एवढ्या लांब दोरासाठी तीन पेड वळायचे, प्रत्येक एकशे साठ हातांचा, आणि मग तिन्हींना मिळून पीळ घालायचा. मोकळ्या मैदानात वारा ताग उधळतो, म्हणून दोरवाल्याला गल्ली लागते. गावातली सगळ्यात लांब सरळ गल्ली शंभर हात होती. तिच्या टोकाला एका निवृत्त कारकुनांचं घर आडवं आलं होतं. घर बोळासारखं अरुंद आणि लांब होतं: पुढची खोली, मधला बोळ, स्वयंपाकघर, मग परसदार, मग उंच भिंत. उलटरावांनी आदल्या दिवशी नजरेने मोजलं. दारापासून भिंतीपर्यंत बरोबर साठ.

परवानगी त्यांनी विचारली नाही. विचारायला गेलं की लोक नाही म्हणतात. मागे चालत आलेल्या माणसाला नाही म्हणायचं तर आधी त्याच्या समोर यावं लागतं, आणि समोर दोर असतो.

पहिला पेड सुरू झाला. उलटराव मागे निघाले. न्हाव्याच्या दुकानापाशी न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला आणि चालता चालता त्यांचा डावा गाल करून गेला. ही त्यांची जुनी पद्धत. उजवा गाल दुसऱ्या पेडाला व्हायचा. शिंपिणीने खिडकीतून सुपारी तोंडात घातली. चपला शिवणाऱ्या म्हाताऱ्याचा हात पाठीवर पडला, "डावीकडे घ्या, खड्डा आहे." उलटराव डावीकडे झाले. मग टाचेला उंबरा लागला.

"कोण आहे?" मागून आवाज आला.

"दोरवाला."

"अर्ज केलाय?"

"नाही."

"मग पाठ करून घरात शिरताय ते?"

"तोंड चाकाकडे असावं लागतं, साहेब."

मागे पानं चाळल्याचा आवाज आला. कारकुनांनी चौतीस वर्षं लोकांना अमुक नियमाखाली परत पाठवलं होतं. उलट्या पावलांनी आलेला मनुष्य त्यांच्यापुढे पहिल्यांदाच आला होता.

"याला नियम नाही," ते शेवटी म्हणाले. त्यांना वाईट वाटलेलं ऐकू येत होतं.

"मग?"

"मग या. टेबल आहे मागे. थांबा, मी उचलतो. आक्का, अगं टेबलाचं दुसरं टोक धर!"

आक्का म्हणजे कारकुनांची थोरली बहीण. तिने टेबल धरलं, उलटराव गेल्यावर जागेवर ठेवलं, आणि पेड टेबलावरून वीतभर उंचीने ताणलेला राहिला. उलटराव बोळातून, स्वयंपाकघरातून, मागच्या दारातून परसात निघाले. कारकून कपबशी घेऊन त्यांच्याबरोबर चालत होते. दोन्ही हात गुंतलेल्या माणसाला चहा कसा पाजायचा याचा त्यांना अनुभव नव्हता. निम्मा चहा उलटरावांच्या सदऱ्याने घेतला.

इकडे आक्का धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन बोळात आली. पाहते तर पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत ताठ दोरी. इतकी वर्षं ती भावाला दोरी बांध म्हणून सांगत होती. "बांधलीस एकदाची!" म्हणत तिने त्याचे सहा शर्ट चिमटे लावून वाळत घातले.

पेड स्वतःभोवती फिरत असतो. शर्टांनी एक कोलांटी मारली, मग दुसरी. बाह्या टाळ्या वाजवू लागल्या. कारकुनांचा निरोपसमारंभाचा शर्ट तर असा गरगरला की नोकरीत असताना त्यातला माणूस कधी तेवढा हलला नव्हता.

"आक्का, काढा ते! ओझ्याने पेड लोंबतोय!" उलटराव ओरडले.

आक्का घाईघाईने शर्ट ओढू लागली. एकेका ओढीबरोबर पेडाला हिसका. उलटराव मोजत होते: सहा, सात, आठ... अकरा.

अकरा हिसके! पाचाला मुलगी झाली होती.

चाक थांबलं. पीळ सुटू लागला तर दिवस वाया, आणि नावाडी जोड घेणार नव्हता. उलटरावांनी दारादारांतून गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. पीळ सुटला नाही. कोणीतरी चाक धरून ठेवलं होतं. आणि मग त्यांना असं काही दिसलं जे त्यांनी अठ्ठावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. बायको मोठी होत होती.

ती पेडावर हात ठेवून धावत येत होती. न्हाव्यापाशी थांबली. न्हाव्याने वस्तरा हलवून काहीतरी सांगितलं. मग शिंपिणीच्या खिडकीपाशी. तिथे जरा जास्तच वेळ. चपला शिवणारा म्हातारा तर उठून उभा राहिला. बायको पुन्हा निघाली तेव्हा तिची चाल बदललेली होती. उलटरावांना ती चाल ओळखीची नव्हती, कारण भांडायला येणारी बायको त्यांनी कधी पाहिली नव्हती.

ती परसात आली. उलटराव धडधाकट उभे होते. आक्का, चुकीची भरपाई म्हणून, त्यांना उकडलेलं अंडं भरवत होती.

"अहो," बायको म्हणाली, "मला वाटलं तुम्ही गेलात."

उलटरावांच्या तोंडात अंडं होतं. त्यांनी मान हलवून जिवंत असल्याचं सांगितलं.

"मेलात म्हणून मी धावत येते, तर न्हावी विचारतो, उलटरावांच्या कोण तुम्ही? शिंपीण विचारते, बाई नव्या दिसता. नव्या! ती म्हणे दर वर्षी तुम्हाला सुपारी देते. कोण तो म्हातारा, त्याला तुमच्या गुडघ्याचं दुखणं तारीखवार माहीत! माझ्या टोकाला काय असतं माहितीये? भिंत. आणि एक नळ. तोही बंद."

"मला वाटलं, तुलाही कोणी ना कोणी..."

"चाकाशी कोण येतं? चाक जागचं हलत नाही! आणि हे दाढीचं काय? एकच गाल?"

"उजवा दुसऱ्या पेडाला असतो."

बायकोने त्या गालाकडे पाहिलं, मग अंड्याकडे, मग कारकुनांच्या हातातल्या कपाकडे. उलटरावांना वाटलं, संपलं. आता ती म्हणणार, चला मुलीकडे. त्यांनी मनातल्या मनात खुर्चीला पाठ टेकली.

"दुसरा पेड मी वळणार," ती म्हणाली.

"तू?"

"का? मागे चालायला काय येत नाही मला? तुमच्या बोटांकडे अठ्ठावीस वर्षं पाहतेच आहे. जा तुम्ही चाकावर. नावाडी दोर बघायला आला होता, त्याला सांगितलंय, फिरवू नका, नुसतं धरा. घामाघूम झाला असेल बिचारा."

"अगं, पण मुलीला काय सांगायचं? खोलीला रंग दिलाय."

"सुकू दे म्हणावं."

दुपारी उलटराव चाकावर बसले. बाजूला भिंत होती, बंद नळ होता, आणि समोर लांब जाणारी बायको होती. तागाचा धागा पहिल्या दहा हातांत दोनदा जाड-बारीक झाला, मग सरळ आला, आणि पुढे तर त्यांच्यापेक्षा गुळगुळीत आला. ती शिंपिणीच्या खिडकीपाशी पोचली तेव्हा हसण्याचा आवाज चाकापर्यंत आला. मग ती कारकुनांच्या दारात शिरली आणि दिसेनाशी झाली. चाक फिरवणं सोपं होतं, बूड टेकलेलं होतं, गुडघा दुखत नव्हता. उलटरावांना कळलं की आपल्याला चक्क बरं वाटतंय. थोड्या वेळाने त्यांनी चार हिसके दिले. उत्तर आलं नाही. तिकडे तिचं खाणं चाललं असावं.

तिसरा पेडही तिनेच वळला. संध्याकाळपर्यंत तिन्ही पेडांना मिळून पीळ बसला आणि नावाड्याने दोरावर दोनदा हात फिरवला, जोड शोधला, सापडला नाही म्हणून जरासा हिरमुसला.

निघताना बायकोची एकच तक्रार होती. भिंत फार लवकर येते. भिंतीपलीकडे कोणीतरी काहीतरी तळत होतं, नुसता वास आला, माणूस कोण ते कळलं नाही. कारकुनांनी लगेच कागद काढला. चौतीस वर्षांत असे अर्ज त्यांनी स्वतः नामंजूर केले होते, त्यामुळे तो कसा लिहायचा हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. निवृत्त झाल्यापासून त्यांचा हात इतका झरझर चालला नव्हता. उलटरावांनी वाचून घेतलं, बायकोने सही केली, आक्का साक्षीदार झाली.

"प्रति, मा. अधीक्षक, रस्ते व गल्ल्या विभाग. विषय: गल्लीच्या लांबीबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदार बाई व्यवसायाने मागे चालतात. सदर गल्ली निवृत्त कारकुनांच्या परसातील भिंतीपाशी अर्जदारांचे बोलणे अर्धवट असतानाच संपते. सबब, सदर गल्ली पुढील हंगामापूर्वी साठ हातांनी वाढवून मिळावी, आणि वाढीव भागात बोलकी माणसे राहती करून मिळावीत, ही नम्र विनंती."