सतरा फरक

लोकांना वाटतं पाळक म्हणजे सदा गंभीर चेहऱ्याचा माणूस. छे! आमच्या चर्चच्या अख्ख्या मंडळीत माझ्याइतका उतावळा कुणी नाही. आनंदाची बातमी माझ्या पोटात पाच मिनिटं टिकत नाही, आणि एखादी कल्पना डोक्यात शिरली की मग माझी सुटका नाही आणि इतरांचीही नाही. वीस प्रश्नांचा कागद ही अशीच माझी लाडकी कल्पना.

लग्न ठरवून जे जोडपं माझ्याकडे येतं, त्यातल्या दोघांना मी वेगवेगळ्या खोल्यांत बसवतो आणि हा कागद देतो. झोपताना खिडकी उघडी हवी का? पाहुणे न सांगता आलेले चालतात का? राग आला की लगेच बोलून टाकावं का? पुढे 'हो' आणि 'नाही'चे चौकोन, त्यात नुसती खूण करायची. नाव घालायचं नाही, म्हणजे तपासताना माझ्या हातून कुणाची बाजू घेतली जात नाही. दहापेक्षा जास्त उत्तरं वेगळी निघाली तर लग्न सहा महिने पुढे. नियम माझाच, आणि त्याचा मला कोण अभिमान!

गेल्या गुरुवारी बेकरीवाला आणि घड्याळवाली बाई कागद भरून गेले. तो अठ्ठावन्नचा, ती चोपन्नची. दोघांची दुकानं समोरासमोर, दोघांनीही आयुष्य एकट्यानं काढलेलं. वीस वर्षं तो आपलं भिंतीवरचं घड्याळ तिच्याकडे दुरुस्तीला टाकत होता. इतक्या वेळा कुठलंच घड्याळ बिघडत नसतं, हे तिला पहिल्या वर्षीच कळलं होतं म्हणे, पण ती बोलली यंदा! येत्या रविवारी उपासनेत मी त्यांचं लग्न जाहीर करणार होतो, आणि बेकरीवाला भेटेल त्याला थांबवून ते सांगत सुटला होता.

त्याच संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, साऱ्या जगाला परीक्षेला बसवता, आपणही बसू या की एकदा."

आमच्या लग्नाला बत्तीस वर्षं झाली. हसत हसत आम्ही कागद भरले. तपासणार तेवढ्यात कुणीतरी भेटायला आलं, आणि आमचे कागद एका पिवळ्या पाकिटात गेले. आधीचे दोन कागदही पिवळ्याच पाकिटात होते. दोन्ही पाकिटं कोरी. विसरभोळेपणात माझा हात कुणी धरणार नाही.

शुक्रवारी सकाळी मी एक पाकीट उघडलं, खुणा मोजल्या आणि कपाळाला हात लावला. वीसपैकी सतरा उत्तरं वेगळी! असा विजोड जोडा मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. तडक बेकरी गाठली. घड्याळवाली बाई तिथेच चहा पीत होती.

"सतरा फरक निघालेत," मी म्हणालो. "सहा महिने थांबावं लागेल."

बेकरीवाल्यानं हातातला ट्रे खाली ठेवला. "पाळकसाहेब, काहीतरी मार्ग काढा ना."

"नियम सगळ्यांना सारखा."

घड्याळवाल्या बाईनं कप बाजूला सारला. "सहा महिन्यांनी उत्तरं बदलणार आहेत का? या वयात माणसं बदलत नाहीत. उगाच लटकत राहण्यापेक्षा मोडलेलं बरं. मला उद्यापर्यंत विचार करू द्या."

बेकरीवाला एरवी केवढा बडबड्या माणूस, पण त्या दिवशी तो पाठ फिरवून रिकामा ट्रेच पुसत राहिला. मला वाईट वाटलं. तरी घरी येताना मी स्वतःची पाठ थोपटली, की बघा, वेळेवर वाचवलं दोघांना.

शनिवारी दुपारी बायको माझं मेज आवरत होती.

"तपासलेत होय आपले कागद? बोलला नाहीत ते!"

"आपले कुठले? ते बेकरीवाल्याचे आहेत."

"नीट बघा जरा. या कागदावरच्या सगळ्या खुणा उलट्या बाजूला झुकल्यात. या घरात डावखुरं कोण आहे?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. दुसरं पाकीट मेजावर तसंच पडलं होतं, न उघडलेलं.

"किती फरक निघाले?" तिनं विचारलं.

"सतरा."

ती खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "मग थांबायला हवं सहा महिने! माझी बॅग काढा माळ्यावरून, मी चालले माहेरी."

मलाही हसू आवरेना. सतरा फरक आणि बत्तीस वर्षं! रोज रात्री मी खिडकी लावतो, रोज रात्री ती उघडते, आणि मी किती सुखी माणूस आहे हे मला कागदावर मोजून कळायचं होतं! मग एकदम बेकरीवाल्याचा चेहरा आठवला. मी पाकीट उचललं आणि चपला न घालताच पळत सुटलो.

बेकरीत घड्याळवाली बाई काउंटरपाशी उभी होती. त्याचं घड्याळ तिनं कागदात बांधून आणलं होतं. "यापुढे दुरुस्तीला दुसरीकडे टाका," ती त्याला सांगत होती. तिचा आवाज मुळीच नेहमीचा नव्हता.

"थांबा!" मी दारातूनच ओरडलो. "ते सतरा तुमचे नाहीत! आमचे आहेत! माझे आणि बायकोचे!"

दोघं माझ्याकडे बघतच राहिले. गिऱ्हाइकंही बघत राहिली. धापा टाकत मी सगळं सांगितलं आणि कान पकडून दोघांची माफी मागितली.

"म्हणजे आमचं जमलं!" बेकरीवाला टाळी वाजवून म्हणाला.

"आमचे किती फरक आहेत?" घड्याळवाल्या बाईनं विचारलं.

"अजून बघितलं नाही. बघायचंही नाही. तो नियम मी आजपासून मोडीत काढला."

"इकडे द्या. अर्धवट काम मला चालत नाही."

तिनं पाकीट फोडलं, दोन्ही कागद काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि एकेका ओळीवर बोट ठेवत मोजू लागली. बेकरीवाला वाकून तिच्या बोटाकडे बघत होता. मीही.

"एकोणीस," ती म्हणाली.

बेकरीवाल्याचा चेहरा पडला. "मग? थांबायचं?"

"कशाला?" तिनं कागदांची घडी घालून पर्समध्ये टाकली. "तू बडबड्या आणि मी हट्टी. जन्म काढायचा तर भांडायला विषय नकोत का? पाळकसाहेब, उद्या आमचं लग्न जाहीर करा. आणि येताना चपला घालून या."