मधल्या खुर्चीतली पाहुणी

तालुक्याच्या कॉलेजात ‘वसाहतोत्तर अभ्यास आणि परिघावरचे आवाज’ या विषयावर राष्ट्रीय परिसंवाद भरला होता. राष्ट्रीय म्हणजे एक पाहुणे दिल्लीहून आले होते. रेणुकाचा हा पहिलाच निबंध. मेंढरं राखणाऱ्या माणसांबद्दल गोऱ्या साहेबांनी आणि निजामाच्या अंमलदारांनी काय काय लिहून ठेवलं आणि त्या माणसांना कुणी विचारलंच कसं नाही, यावर तिनं कित्येक वर्षं डोकं झिजवलं होतं. ते एकदाचं ऐकायला तिची आई कडूबाई मेंढरं जावेच्या हवाली करून हसनाबादहून आली होती.

आपल्याकडं सत्काराशिवाय सरस्वतीसुद्धा जागची हलत नाही. पाहुण्यांचा झाला, संस्थाचालकांचा झाला, त्यांच्या मेहुण्यांचा झाला. सत्कार करणारे तेवढे राहिले होते, त्यांचाही झाला. जेवणाची वेळ झाली, तरी रेणुकाचा निबंध वाचायचा राहिलाच होता.

तेवढ्यात विभागप्रमुख कल्याण सरांना मागच्या रांगेतली कडूबाई दिसली. “परिघावरचा खरा आवाज इथं बसलाय,” ते माइकवर म्हणाले. तिला मंचावर नेलं, शाल पांघरली, नारळ दिला, मधल्या खुर्चीत बसवलं. मग तिच्या आवाजाबद्दल सर स्वतःच बराच वेळ बोलले. माइक तिच्याकडं गेला नाही. रेणुकाला राग आला आणि रडूही.

“रेणुका, वेळेअभावी फक्त समारोप वाच,” सर म्हणाले.

तिनं दोन ओळी वाचल्या. टाळ्या पडल्या. पण सत्कारमूर्ती उठल्याशिवाय मंचावरून कुणी उठायचं नाही, असा रिवाज. आणि कडूबाई उठेना.

“चला मावशी, जेवून घ्या,” सर अर्धवट उठत म्हणाले.

“झालं का हिचं?”

“झालं.”

“एवढंच?” कडूबाईनं नारळ मांडीवर नीट ठेवला. “माझी पोर इतक्या वर्सांपासून लिहून राह्यली. मला काय बोलायचं न्हाई. मी तिचं ऐकायला आल्ते. पयल्यापासून वाच, माय.”

अर्धवट उठलेले सर खाली बसले. दिल्लीचे पाहुणेही बसले. मागं पुऱ्या गार व्हायला लागल्या.

रेणुकानं पहिलं पान काढलं. आधी अडखळत, मग सुरात वाचू लागली. आईला त्यातलं किती कळत होतं, देव जाणे. पण गोष्ट ऐकताना द्यावा तसा ती वाक्यावाक्याला हुंकार देत होती, आणि हुंकार येतोय तोवर सांगणाऱ्यानं थांबायचं नसतं, हे रेणुकाला लहानपणापासून ठाऊक होतं.