पाचटाच्या भिंती

माझ्या घराला कोपी म्हणणाऱ्याच्या डोक्यात धोंडा घालावासा वाटतो. निम्मं गाव तसं म्हणतं, म्हणून दातओठ खाऊन गप्प बसत होते.

कोपी काय असते ते मला कुणी शिकवू नये. चार बांबू रोवायचे, वरून उसाचं सुटं पाचट टाकायचं आणि कमरेत वाकून आत शिरायचं. कारखान्यावर ऊस तोडायला गेलं की सहा महिने तेच घर. आठ सीझन काढलेत मी त्यात, एक तर पोटुशी असताना.

हे घर मी सासूबाईंसाठी बांधलं. गेल्या वैशाखात केशरबाई आमच्या पत्र्याच्या घरात भोवळ येऊन पडल्या. आष्टीच्या दवाखान्यात तीन दिवस सलाईन लावलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, या बाईला पुन्हा असं ऊन लागलं तर ती वाचायची नाही. पत्रा दुपारी तव्यासारखा तापतो, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पण सिमेंटचं घरही तापतंच की.

बचत गटाच्या प्रशिक्षणात मी पाचटाच्या भिंती बघितल्या होत्या. नाहीतरी लोक पाचट शेतातच पेटवून देतात. आम्ही यंत्राने घट्ट दाबून बांधलेले गठ्ठे आणले. दगडाचं जोतं घातलं, त्यावर गठ्ठे विटांसारखे सांधा मोडून रचले, बांबूच्या खुंट्या ठोकल्या, जाळी बसवली आणि दोन्ही अंगांनी तीन बोटं जाड शेणमातीचा गिलावा केला. भिंत दीड हात रुंद झाली. सोमेश्वर मिस्त्री पहिल्या दिवशी पोट धरून हसला. महिन्याभराने तोच दुपारची झोप काढायला आमच्या घरात यायला लागला. बाहेर बेचाळीस असलं तरी आत पंख्याशिवाय डोळा लागतो.

आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, ती बाई उंबरा ओलांडेना. लिंबाखाली बाज टाकून बसायची. सावली सरकली की बाज सरकवायची.

"आत कावून येत न्हाई तुमी, आत्या?"

"कोपीत न्हाई येत मी," त्या म्हणायच्या आणि तोंड फिरवायच्या.

मला वाटलं, ही पंडित मुकादमाची करणी. तीस वर्षांपूर्वी सासूबाई याच मुकादमाच्या टोळीत ऊस तोडायच्या. आता म्हातारा झाला तरी रोज सकाळी आमच्या दारावरून जाताना त्याची जीभ वळवळतेच. "काय मनिषा, जल्म कोपीत काढून मन भरलं न्हाई व्हय? गावात बी कोपी?" म्हटलं, सासूबाईंना याचीच लाज वाटत असणार. नवऱ्याला सांगितलं तर रामप्रसाद म्हणाला, "होईल सवय." सवय होईपर्यंत त्या राहतील का, हे त्याला कोण विचारणार!

त्या दिवशी मुकादम दारात थांबून म्हणाला, "एक काडी लागू दे, पाच मिन्टात राख हुईल बघ."

माझं डोकं फिरलं. गिलावा करून बघायला एक गठ्ठा अंगणात लिंपून ठेवला होता. त्याच्याभोवती मी ढीगभर सुटं पाचट रचलं.

"थांबा मुकादम, जाऊ नका. आत्या, तुमी बी बघा." आणि काडी ओढली.

सुटं पाचट भडकलं. बघता बघता जाळ डोक्याच्या वर गेला. मला भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात मागे किंकाळी ऐकू आली.

"छबे! छबे, भाईर ये!"

गुडघे धरून चालणारी माझी सासू हंडा घेऊन पळत आली. पाणी ओतलं आणि उघड्या हातांनी राख उपसायला लागली. मी आणि घरातून धावत आलेल्या रामप्रसादने तिला ओढून काढलं. तळहात भाजला होता. रामप्रसादचा चेहरा उतरला होता. छबी म्हणजे त्याची थोरली बहीण. घरात इतकंच बोललं जायचं की ती लहानपणीच एका सीझनला वारली. मी तापाने गेली असेल असं समजून बसले होते आणि कधी विचारलंही नव्हतं. माझीच मला चीड आली.

सासूबाईंनी दगड घेतला आणि लिंपलेल्या गठ्ठ्याचा काळा पडलेला गिलावा फोडला. आतलं पाचट पिवळंधमक होतं. चिमूटभर उपसून त्यांनी हातात चोळलं.

"हे जळलं न्हाई."

"न्हाई आत्या. घट्ट दाबलेलं हाय, वर माती हाय. आत वारं जात न्हाई, मग पेटणार कसं?"

"तवाच्या कोपीला निस्ती माती लिपली असती, तर?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. "पोरीला भाईर काढण्यापुरता येळ भेटला असता," मी म्हणाले.

त्या मुकादमाकडे वळल्या. "म्या माती मागितली व्हती तुमाला. कोपी लिपून घेते म्हनलं व्हतं. तुमी काय म्हनलात?"

"लई जुनी गोष्ट हाय, केशरबाई."

"दोन दिस काम बुडंल म्हनलात. हाय का ध्यानात?"

मुकादमाने खांद्यावरचं उपरणं उगाच सारखं केलं आणि चालू लागला. त्याच्या मागे धावावं, गचांडी धरावी असं मला वाटत होतं. पण सासूबाई घराकडे निघाल्या होत्या. उंबऱ्यापाशी थांबल्या नाहीत. सरळ आत जाऊन भिंतीला पाठ लावून बसल्या. मी आत जाऊन दार लावलं आणि त्यांच्या हातावर गार पाणी ओतत राहिले.

"मने, ह्या भिताडाला माती लावाया किती दिस लागले?"

"एका भिंतीला एक दिस. मी आन गटातली एक बाई, दोघीच व्हतो."

"आन कोपीएवढ्याला?"

मी हिशोब केला. केला नसता तर बरं झालं असतं.

"अर्धा दिस, आत्या."

त्या भाजलेला हात भिंतीवर आपटून आपटून ओरडून रडल्या. भिंत इतकी जाड, की अंगणात उभ्या असलेल्या त्यांच्या पोटच्या पोराला काहीच ऐकू गेलं नाही.