जांभळे बदक

विहीणबाईंनी करंडीचे झाकण काढले आणि बाईसाहेबांच्या मेजावर एक जांभळे बदक उभे केले. बदकाने पंख झाडले आणि कापडाच्या नमुन्यांवर ऐसपैस बसकण मारली.

"हे काय?" बाईसाहेबांनी विचारले. कापड रंगवण्याचा हा कारखाना त्यांनी एकहाती उभा केला होता. असे प्रश्न त्या सहसा दोनदा विचारीत नसत.

"पांढरं होतं हो परवापर्यंत," विहीणबाई म्हणाल्या. "'आमचा रंग कधी सुटत नाही,' असं लग्नात चारचौघांत सांगत होतात ना? मग आमच्या दारातल्या ओढ्याला रोज नवं लुगडं नेसवतं कोण?"

सून खिडकीबाहेर पाहू लागली. रंगविभाग तीच सांभाळत असे. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रासाठी तिने सासूपुढे अहवाल ठेवले होते, नोटिसा ठेवल्या होत्या. ओढा वाहता आहे, रंग पुढे जातो, एवढेच उत्तर मिळे. पुढे तिचे माहेर होते.

बाईसाहेबांचा चेहरा बदकाहून गडद झाला.

"सूनबाई, ते यंत्र आजच्या आज मागव. आणि विहीणबाई, पुढच्या खेपेला याल, तेव्हा त्या ओढ्यात तोंड बघून या!"

"बघू हं," म्हणत विहीणबाई बदक तिथेच ठेवून जिना उतरल्या. खालून त्यांचे हसणे ऐकू आले.

बाईसाहेबांनी पांढरा रुमाल भिजवून बदकाचा पंख चोळला. पुन्हा चोळला. रुमाल पांढराच राहिला.

"वाहून आलेला रंग ओल्या बोटानेही सुटतो. हा कुणीतरी पक्का करून बसवलाय."

सुनेने हात पाठीमागे नेले. नखे जांभळी होती.

"पाणी खरंच जांभळं येतं, आई. बदकं आता त्यात उतरतच नाहीत. मग तुम्हाला दाखवायचं काय?" मग तिने विचारले, "यंत्र नको म्हणून कळवू?"

"विहिणीसमोर शब्द गेलाय माझा."

बाईसाहेबांनी चष्मा चढवला, बदक उचलून उजेडात धरले आणि उलटसुलट करून न्याहाळले.

"शेपटीखाली पांढरं राहिलंय," त्या कडाडल्या. "असला अर्धवट माल बाहेर पाठवायचा? आणि तोही तुझ्या आईच्या हातात?"