दिवस मावळण्याआधीची गोळी

विसरवाडीच्या नाक्यावर लालचंद शेठचे किराणा दुकान आहे. त्या सकाळी गूळ तोलताना त्यांच्या उजव्या हातातून ढेप निसटली, आणि समोर उभा असलेला पिकअपवाला नथ्थू ओरडला, "शेठ, तुमनं तोंड वाकडं व्हयी ऱ्हायनं!"

लहरीबाई आतून धावत आल्या. लालचंदांनी पत्नीला हाक मारली. उमटले ते "लरी" एवढेच. मागच्या थंडीत अर्धांगवायूचा पहिला झटका आला, तेव्हाही ते "लरी"च म्हणाले होते. पुरते नाव त्यांच्या तोंडी परत यायला होळी उजाडली होती.

ठेवलेला चहा निवेपर्यंत तोंड सरळ झाले, हातही वळू लागला.

"वारं लागलं असेल. दुकान टाकून कुठे निघालीस?"

"दुकान कुठे पळून जात नाही," शटर ओढत लहरीबाई म्हणाल्या. "नथ्थूभाऊ, गाडी काढा."

नंदुरबारच्या रुग्णालयात मेंदूचा स्कॅन झाला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडात धरून पाहिला. "नवी इजा दिसत नाही. पण हा इशारा आहे, शेठजी. एकदा झटका आलेल्याला दुसऱ्याचा धोका असतोच, आणि दुसरा बहुधा जास्त घेऊन जातो. हात, वाचा, काहीही. रक्तदाब ठीक, साखर ठीक, तंबाखू नाही. गोळ्या नियमित चालू आहेत ना?"

"सकाळची एकही चुकली नाही."

"आणि रक्त पातळ ठेवणारी? रात्रीची?"

लालचंदांनी मान खाली घातली. "चातुर्मास बसल्यापासून आमचा चौविहार आहे. दिवस मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. तुम्ही लिहिलंय 'रात्री एक'. ती कशी घेणार?"

लहरीबाई टेबलाशी पुढे सरकल्या. नवरा बोलता झाला, म्हणून हे व्रत त्यांनीच सुचवले होते.

"बाई, यांना व्रत सोडायला लावा. दोष लागला तर मला लागो."

"व्रत सुटणार नाही," लालचंद म्हणाले. जीभ अजून जड होती. शब्द मात्र ठाम.

"सोडा म्हणतंय कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारले. "संध्याकाळी जेवता कधी?"

"सूर्य असेतो."

"मग त्याच जेवणाबरोबर घ्या. गोळी रोज पोटात जायला हवी. अंधारातच जायला हवी असं काही नाही. 'रात्री' लिहिताना मी तुमची जेवणाची वेळ विचारली नाही, ही माझी चूक. पण तुम्ही तरी विचारायचंत!"

"डॉक्टरांशी काय घासाघीस करायची?"

"मन्हासंगे ते रोज करतस, शेठ!" दारातून नथ्थू म्हणाला, आणि लालचंदही हसले. ओठांच्या दोन्ही कडा सारख्या वर गेल्या. लहरीबाईंनी त्या नीट निरखून पाहिल्या.

दोन दिवस देखरेखीखाली ठेवून त्यांना घरी सोडले. संध्याकाळी पावसाने उघडीप दिली. समोरच्या ढाब्याच्या पत्र्यांवरून ऊन उतरू लागले, तसे लालचंद ताटावर बसले आणि त्यांनी आत हाक मारली, "लहरी! ऊन चाललं. गोळी आण."

गोळी लहरीबाईंच्या मुठीत तयारच होती. हाकही पहिल्याच वेळी ऐकू आली होती. तरी त्या स्वयंपाकघराच्या दाराआड गप्प उभ्या राहिल्या. ते नाव त्यांना आणखी एकदा, सगळ्या अक्षरांसकट, ऐकायचे होते.