माजघरातली कळलावी

कळलावीचं फूल घरात आणलं की भांडण लागतं, असं आमच्या केळशीकडे सगळेच मानतात. आमच्याकडे ते न आणताही लागत होतं, म्हणून मी फार विचार केला नाही. मागच्या पावसाळ्यात कुंपणाच्या दगडी गडग्यावर चढलेल्या वेलीचा मोबाईलवर फोटो काढला. खाली पिवळ्या, वर लाल, पेटल्यासारख्या पाकळ्या. दापोलीच्या निसर्गफोटोंच्या स्पर्धेत त्याला दुसरा नंबर मिळाला, तेव्हा काचेची फ्रेम करून माजघरात लावला. इतक्या वर्षांच्या संसारात त्या भिंतीवर माझं म्हणावं असं ते पहिलंच.

मालन माझी थोरली जाऊ. दोघींचे नवरे मुंबईला, चुली वेगळ्या, माजघर एकच.

"काढ तो," ती म्हणाली.

"कागद आहे वैनी."

"उद्या सापाचा कागद लावशील."

"नागपंचमीला तूच लावतेस."

त्यानंतर दूध नासलं तरी फोटोमुळे, भावोजींचा फोन आला नाही तरी फोटोमुळे. यंदा वेल पुन्हा फुलली, तशी तिने ती ओरबाडून घरामागच्या वाहत्या पऱ्यात फेकली.

रागाच्या भरात एक गोष्ट मात्र ती विसरली. वर्षभर उंबऱ्याबाहेर ठेवायचं हे फूल गौरीला मानानं आत येतं. गौर तेरड्याची, आणि तिचे हात कळलावीचे. गौर आणायचा मान मालनचा. गावावरचा सगळा कातळाचा सडा फिरून ती रिकामीच परतली. जवळपासची फुलं लोकांनी सकाळीच नेली होती.

"थोटी गौर बसवतेस काय गो मालन?" शेजारच्या धोंडूबाईने ओटीवरूनच विचारलं.

मालन स्टुलावर चढली, मला न विचारता फ्रेम काढली आणि हातांच्या जागी गौरीमागे उभी केली. फोटोला हळदकुंकू वाहिलं. मी मनातल्या मनात जिंकले.

विसर्जनाला तिने गौरीबरोबर फ्रेमही उचलली.

"हा कुठं नेतेस?"

"गौर जाणार, आणि हात तुझ्या भिंतीला ठेवू?"

जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या. पुजून पुजून तिने मला बरोबर कोंडीत पकडलं होतं.

पऱ्यावर तिने आधी काच काढली. कुणाच्या पायाला लागायची म्हणे. मग फोटो पाण्यात सोडायला वाकली. मी मोबाईल काढला.

"आता काय काढतेस?"

"तुझे हात."

संध्याकाळी रिकामी फ्रेम आणि काच माझ्या चुलीशी आणून ठेवलेली होती. नवा फोटो मी त्याच खिळ्याला लावला. हिरव्या बांगड्या, भातशेतीच्या चिखलणीने भेगाळलेली बोटं, आणि बोटांमधून गढूळ पाण्यात जाणारं फूल, अजून पेटलेलं.

मालन फ्रेमच्या अगदी जवळ आली.

"काढ तो."

"का? आता तर तूच आहेस त्यात."

ती तिच्या चुलीकडे गेली, आणि भांडी जरा जास्तच आपटली.

परवा काचेवर धूळ दिसली. कुणीतरी पदराने पुसली होती, पण फक्त जिथे हात आहेत तिथली. फुलावर तशीच ठेवली होती.