येसूबाईंची बांधलेली वाचा

गुरुवारी सकाळी पूर्णगडात मासळीबाजारापेक्षा जास्त गर्दी लहरीबुवांच्या शेडपुढे असे. चिरेखाणीजवळची ती पत्र्याची शेड आता मठ झाली होती आणि बुवा बिघडलेल्या फोनांवर उतारा करत. रावजींच्या फोनची घंटा महिनाभर गप्प होती. बुवांनी तो लाल फडक्याखाली घेतला, डोळे मिटून पुटपुटले, आणि बाहेर येताच फोन खणखणला. रावजी तिथल्या तिथे लोटांगण घालते झाले. घंटा बंद-चालू करायची सोय फोनमध्येच असते, हे सांगून त्यांच्या भक्तीत कोण विघ्न आणणार? बुवांनी म्हणे मुंबईत बारा वर्षं साधना केली होती. कुठे, ते सांगत नसत. पण कमरेला फोन उघडायचा बारीक पेचकस खोचलेला असे.

येसूबाईंचं दुखणं मोठं होतं. त्यांचा मुलगा दर्शन जहाजावर खलाशी. जाताना त्याने आईला नवा फोन दिला, आणि सातवी शिकलेल्या येसूबाईंनी इंटरनेटवरून बोलायचं अ‍ॅप त्यात स्वतः घेतलं. दर्शनचा आवाज यायचा, पण आईचा एक शब्द त्याच्यापर्यंत जाईना. "आये, बोल ना! आवाज येत नाय तुझा!" तो ओरडायचा आणि येसूबाई इकडे घसा फोडायच्या. सून दीपालीच्या फोनवर मात्र नवरा-बायको तासभर बोलत. "माझ्या फोनवरून बोला," असं ती म्हणाली तर सासूबाईंनी तोंड फिरवलं. पोटच्या मुलाशी बोलायला सुनेची मेहेरबानी? त्यापेक्षा मुकं राहिलेलं काय वाईट!

येसूबाई फोन मठात नेऊ लागल्या. बुवांच्या फडक्याखालून आलेल्या फोनवर आवाज थेट जहाजावर पोचायचा. घरी आणला की पुन्हा मुका. बुवांनी निदान करायला वेळ लावला नाही.

"लहरी इथे वाहतात, घरात अडतात. म्हणजे अडवणारं घरात आहे! सुनेचा आवाज जातो, आईचा जात नाही. माते, तुझी वाचा बांधली आहे!"

उपाय असा, की फोनला सुनेचा हात लागू द्यायचा नाही, आणि दर्शन परतेपर्यंत सुनेनं माहेरी राहायचं. दक्षिणा बुवा घेत नसत. मासेही त्यांना वर्ज्य होते. कोळंबी तेवढी ते मासा धरत नसत.

दर्शन यायला सात महिने होते. दीपाली रडली, भांडली, शेवटी तिनं पिशवी भरली. मठात जाऊन दर्शनला कळवायचं आणि तिथूनच एसटीनं भाट्याला माहेरी जायचं, असं ठरलं.

वाटेत तिनं विचारलं, "आई, फोन लावताना तुम्ही दर वेळी खाली एकदा बोट दाबता, ते कशासाठी?"

"तो कायतरी विचारतो गो. मी नाय म्हणतंय. बँकेच्या शिबिरात सायबानं बजावलंन हाय, फोननं काय मागितला तर द्यायचा नाय." येसूबाईंचा स्वर शिबिरात पहिल्या आलेल्या विद्यार्थिनीचा होता.

दीपाली रस्त्यात थांबली. मग झपझप चालू लागली.

मठात बुवांनी हात पुढे केला. "आण माते, बंध सोडतो."

"आज आईच लावू देत," दीपाली म्हणाली. "मी दहा हात लांब उभी राहते. इथं लहरी वाहतातच ना?"

"फडक्याशिवाय? शक्ती उघड्यावर आली तर फोन जळेल!"

"जळूं दे की बुवा, आमी पण बघू," रावजी म्हणाले. दुसऱ्याचा फोन जळताना बघायला गर्दीही पुढे सरकली.

येसूबाईंनी फोन लावला. पडद्यावर प्रश्न आला आणि बोट सवयीनं खाली वळलं.

"आई, दाबू नका! आधी मोठ्यानं वाचा."

येसूबाई अडखळत वाचू लागल्या. "या अ‍ॅपला... आवाज घेण्याची... अनुमती द्यायची का? अ‍ॅप वापरताना. फक्त या वेळी. अनुमती देऊ नका."

"तुम्ही रोज काय दाबता?"

"शेवटचा."

"म्हणजे 'माझा आवाज घेऊ नको', असं फोनला तुम्हीच सांगता. तो बिचारा ऐकतो. बुवा फडक्याखाली 'फक्त या वेळी' दाबतात, तेवढं बोलणं होतं. घरी तो पुन्हा विचारतो, तुम्ही पुन्हा नाही म्हणता. साहेब चुकीचं बोलले नाहीत, पण कोण मागतंय आणि कशाला, ते वाचायला नको? आता पहिलं दाबा."

येसूबाईंनी दाबलं.

"आये! आला गो आवाज तुझा!" दर्शन ओरडला. "काय सांगत होतीस इतके दिवस?"

सांगायचं ते येसूबाई घरून पाठ करून आल्या होत्या. त्यांनी दहा हातांवरच्या सुनेकडे पाहिलं, तिच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं, आणि त्यांना भयंकर लाज वाटली.

"चुकलंय रे मी," त्या म्हणाल्या. "हिला घरातून काढायला निघालेलंय. आणि नाय म्हणत होतंय मीच."

बुवांना तेवढ्यात समाधी लागली. रावजींनी फडकं ओढून घेतलं तरी ती उतरली नाही.

येसूबाई गर्दीकडे वळल्या. "फोन घ्या आपापले. काय विचारतो ता आधी वाचा. नाय समजला तर जाणत्या माणसाला विचारा, पण उघड्यावर. आणि कोण म्हणाला, घरातल्या माणसामुळं बिघडलाय, तर त्याला आधी फडका काढून दाखव म्हणा."

मग त्यांनी दीपालीची पिशवी हातात घेतली. दीपालीनं ती लगेच सोडली नाही.

"पुन्हा कुणी माझ्याबद्दल असं सांगितलं, तर आधी मला विचाराल?"

"विचारीन," येसूबाई म्हणाल्या, तेव्हा कुठे तिनं हात काढला.